माळ्यावरचा जुना टीव्ही: प्लग लावण्याआधी आणि लावल्यानंतर

जुना टीव्ही माळ्यावरून खाली उतरवला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "लावून तर पाहा, चालते का!" नेमकं तेवढंच करायचं नाही. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या संचातले कॅपॅसिटर सुकलेले असतात. थेट २३० व्होल्ट दिले की त्यातला एखादा शॉर्ट होतो, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) जातो, आणि त्या ओढाताणीत ईएचटी ट्रान्सफॉर्मर, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा भाग, जळतो. (त्या व्होल्टेजलाही ईएचटीच म्हणतात.) कॅपॅसिटर नागपुरात सीताबर्डीत कुठंही मिळेल, पण त्या मॉडेलचा ईएचटी आता नवा बनत नाही. पिक्चर ट्यूबचंही तेच. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम या दोन वस्तू वाचवण्यासाठी लावलेला आहे, म्हणून मधली पायरी गाळू नका.

१. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. नागपुरात घरोघरी टीव्ही दिसायला लागले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं त्या सुमारास आणि पुढे. त्यामुळे आपल्याकडच्या माळ्यांवर निघणारे बहुतेक संच ट्रान्झिस्टरचे कृष्णधवल असतात. व्हॉल्व्हचे संच त्या मानाने थोडे.

मागच्या झाकणाच्या फटीतून टॉर्च मारून पाहा.

काचेचे व्हॉल्व्ह दिसले तर तो हायब्रिड संच. लाइन आउटपुटला (चित्राच्या आडव्या रेघा आखणारा विभाग) पीएल ५०४, शेजारी पीवाय ८८, ईएचटीच्या पिंजऱ्यात बारका डीवाय ८०२ आणि फ्रेमसाठी (त्या रेघा वरून खाली पसरवणारा विभाग) पीसीएल ८०५ किंवा ८५ अशी साधारण मांडणी असते. बाकीचं काम ट्रान्झिस्टर करतात. वजनाला जड, चालताना दीडशे वॉटच्या घरात वीज घेणारा.

एकही व्हॉल्व्ह नसेल आणि हीटसिंकवर धातूच्या टोपीचा बीयू २०५ किंवा बीयू २०८ बसवलेला असेल तर तो ट्रान्झिस्टरचा मोठा कृष्णधवल संच. नवशिक्याने सुरुवात याच्यापासून करावी.

१४ इंची पोर्टेबल, मागे १२ व्होल्ट बॅटरीसाठी सॉकेट असलेला संच सगळ्यात सोपा. बहुतेकांत आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे चासी (आतला धातूचा सांगाडा) मेन्सपासून, म्हणजे घरातल्या विजेच्या लाइनपासून, वेगळी राहते.

रंगीत संच पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका. त्याच्या ट्यूबला २२ ते २५ किलोव्होल्ट लागतात, आणि बहुतेकांत एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) असतो. एसएमपीएस कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढतो, म्हणून खाली दिलेली हळूहळू व्होल्टेज वाढवण्याची पद्धत तिथे उलटी पडते.

झाकण काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला बघायला विसरू नका. भारतीय कंपन्या बऱ्याचदा सर्किटचा कागद तिथेच चिकटवत. कागद ठिसूळ झालेला असतो, सोलून काढू नका, जागच्या जागी चांगल्या उजेडात फोटो घ्या.

२. लागणारं साहित्य

- आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, २३० ते २३० व्होल्ट, किमान ३०० व्हीए. संचाला मेन्सपासून वेगळं ठेवतो, याला पर्याय नाही.
- डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा), २ अँपिअरचा पुरतो. लक्षात घ्या, डिमरस्टॅट मेन्सपासून वेगळं करत नाही, तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या जागी चालत नाही.
- सिरीज बोर्ड (संचाच्या वाटेत बल्ब जोडायला) आणि तारेचे पिवळे बल्ब, ६०, १०० आणि २०० वॉटचे. एलईडी बल्ब इथे काही कामाचा नाही, कारण करंट आवरण्याचं काम तापणारी तार करते.
- मल्टिमीटर, १००० व्होल्ट डीसीपर्यंतचा. ईएसआर मीटर (कॅपॅसिटरचा आतला रोध मोजणारं) असल्यास वेळ निम्मा वाचतो.
- सोल्डरिंग आयर्न २५ वॉट आणि चासीच्या जाड टॅगसाठी ६० वॉट, डीसोल्डर पंप, ६०-४० सोल्डर, फ्लक्स.
- लांब प्लास्टिक मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, मगरचिमट्याची वायर, २२ किलोओहम २ वॉटचे चार रेझिस्टर.
- २.२ किलोओहम १० वॉटचा एक रेझिस्टर, मोठे कॅपॅसिटर रिकामे करायला.
- डोळ्यांना झाकणारा गॉगल, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉन्टॅक्ट क्लीनर.
- एक जाड गोधडी. ट्यूब पालथी ठेवायला तिच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

सुटे भाग सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतील. जाताना यादीत मायक्रोफॅरड, व्होल्टेज आणि तापमान तिन्ही लिहा. "टीव्हीचा कॅपॅसिटर द्या" म्हटलं तर समोर जो असेल तो मिळतो. व्हॉल्व्ह आणि ईएचटी मात्र दुकानात सहसा नसतात. त्यासाठी जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक आणि कबाडी हेच ठिकाण. कबाड्याकडून घ्यायचं असेल तर त्याच कंपनीचा पूर्ण बंद संच घ्या, सुटी काढलेली वस्तू नको. ती काढताना लीड तुटलेली किंवा ट्यूबची मान तडकलेली असते.

३. जागा आणि हंगाम

नागपुरात या कामाला ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ईएचटीच्या आसपास विजेची गळती होते, आणि चांगला भाग खराब समजून बदलला जातो. मे महिन्यात दुपारी खोलीतच ४०-४२ अंश असतात. त्यात अडचण उकाड्याची नसून कूलरची आहे. कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक कण असतात, फरशी ओलसर राहते, आणि तुम्ही अनवाणी बसलेले असता. उघड्या संचावर काम चालू असताना त्या खोलीतला कूलर बंदच ठेवा.

लाकडी टेबल, खाली रबरी चटई, आणि हात पोहोचेल अशा जागी एकच स्विच, जो बंद केला की सगळं बंद होईल. तो स्विच घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवून ठेवा. एकट्याने घरात असताना चालू संचात हात घालू नये.

४. उघडणं आणि ट्यूब रिकामी करणं

ही पायरी दोनदा वाचा.

व्हॉल्व्हच्या संचात आणि बऱ्याच ट्रान्झिस्टर संचांत चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळा पत्रा फेजवर. कंपनीने म्हणून तर लाकडी किंवा फायबरचं कॅबिनेट आणि प्लास्टिकच्या नॉब दिल्या. नॉब बसवणारा बारका स्क्रू ज्या भोकात असतो ते भोक पूर्वी मेणाने भरलेलं असे, ते शोभेसाठी नव्हे. काम झाल्यावर ते मेण परत भरायचं. काही संचांत ब्रिज रेक्टिफायर असतो. तिथे प्लग सुलटा लावा की उलटा, चासीत वीज असतेच. म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. मागचं झाकण सरळ मागे ओढा, तिरकं नाही. ट्यूबच्या मानेची काच पातळ असते आणि झाकण तिला लागून तडा जाणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. मान तडकली की हवा आत गेली, संच संपला.

ट्यूबच्या पाठीवर काळा ग्राफाइटचा लेप असतो आणि त्यावरून उघड्या तारेची एक वेणी ताणलेली असते. चारही रेझिस्टर एकामागे एक जोडून, वर स्लीव्ह चढवून, एक टोक मगरचिमट्याने त्या वेणीला लावा. दुसरं टोक स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीला. आता ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली ड्रायव्हरचं टोक सरकवून आतल्या धातूला टेकवा. एक हात पाठीमागे ठेवा. टक असा बारीक आवाज येईल किंवा येणारही नाही. दहा मिनिटांनी हेच परत करा, कारण काचेत मुरलेला चार्ज पुन्हा वर येतो. वेणीऐवजी चासीला चिमटा लावणं ही दुसरी चूक. वेणी आणि चासीमधली वायर तुटलेली असली तर ट्यूब भरलेलीच राहते.

मोठे फिल्टर कॅपॅसिटर १० वॉटच्या रेझिस्टरने रिकामे करा आणि मल्टिमीटरवर ५ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवायची जी जुनी सवय आहे तिने कॅपॅसिटरही जातो आणि शेजारचा डायोडही.

ट्यूब बाहेर काढायची असेल तर गॉगल घाला, मान धरून उचलू नका, पडद्याच्या कडेने दोन्ही हातांनी उचला आणि गोधडीवर पालथी ठेवा. खरं सांगायचं तर पहिल्या संचात ती काढण्याची गरज पडतच नाही.

५. साफसफाई, आणि डोळ्यांनी होणारी अर्धी तपासणी

आधी फोटो. प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक वायर, चारही बाजूंनी. योकच्या (ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या कॉइलच्या) चार वायरींचे रंग वहीत लिहून ठेवा.

मग धूळ. ईएचटीने ओढलेली धूळ काळी आणि चिकट असते, कोरड्या ब्रशने सुटते, पण अॅनोड टोपीच्या (ट्यूबच्या पाठीवरची तीच रबरी टोपी) आसपासची काच अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावीच लागते. झुरळांची विष्ठा, कुंभारीण माशीची मातीची घरटी आणि कॅबिनेटच्या तळाशी उधळी (वाळवी) लागलेली असेल तर तिची माती, हे सगळं आपल्याकडच्या संचांत निघतंच. ओलं कापड चासीवर फिरवू नका. गंज सोडवणारा तेलकट स्प्रेही आत मारू नका, त्यावर धूळ बसून गळतीची वाट तयार होते.

आता ट्यूबच्या मानेकडे बघा. आत काचेवर चंदेरी आरशासारखा डाग असतो, तो गेटर. डाग चकचकीत असेल तर निर्वात शाबूत आहे. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे आणि पुढचे कष्ट घेण्यात अर्थ नाही. व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा डागही असाच वाचायचा. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी कबाड्याकडे संच घेण्याआधी करा.

मग भिंग घेऊन प्रिंटेड बोर्डाची मागची बाजू. जड किंवा तापणाऱ्या भागांचे पाय बघा: ईएचटी, लाइन आउटपुट, योकचा कनेक्टर, व्हॉल्व्हचे बेस, मोठे वॉटेज रेझिस्टर. पायाभोवती सोल्डरमध्ये बांगडीसारखी बारीक करडी रेघ दिसली की तो ड्राय सोल्डर. वरून नुसता नवा थर देऊ नका. जुना सोल्डर पंपाने ओढा, पाय खरडा, मग नवा डाग द्या. बंद पडलेल्या संचांतले कित्येक दोष एवढ्यानेच जातात.

६. काय बदलायचं, काय नाही

सगळेच कॅपॅसिटर सरसकट बदलावेत असं सांगणारे भेटतील. तसं करू नका. तीस कॅपॅसिटर एका दमात बदलले आणि दोन उलटे बसले, तर दोष मुळातला की तुमचा हे शोधण्यात महिना जातो.

हे बदलाच: मुख्य फिल्टर इलेक्ट्रोलायटिक, फ्रेम आउटपुटचे आणि आवाजाच्या विभागातले इलेक्ट्रोलायटिक, आणि मेण किंवा काळं डांबर लावलेले पेपर कॅपॅसिटर. सिरॅमिक, मायका आणि पॉलिस्टायरीन यांना हात लावू नका. ट्यूनर (चॅनल निवडणारा भाग) आणि आयएफच्या (ट्यूनरनंतरच्या सिग्नल विभागाच्या) डब्यांतले गाभे तर अजिबात फिरवू नका. आयएफ ३८.९ मेगाहर्ट्झवर जुळवलेला असतो, आणि सिग्नल जनरेटरशिवाय तो परत जुळत नाही.

व्हॉल्व्हच्या संचात एका अॅल्युमिनियमच्या डब्यात दोन-तीन कॅपॅसिटर एकत्र असतात. डबा जागेवर राहू द्या, त्याच्या वायरी सोडा आणि चासीखाली टॅग-स्ट्रिपवर नवे सुटे कॅपॅसिटर बसवा. वरून संच जसाच्या तसा दिसतो. नवे १०५ अंशांचे घ्या, कारण आपल्या उन्हाळ्यात कॅबिनेटच्या आत ७० अंश सहज होतात. व्होल्टेज मुळाइतकं किंवा जास्त. मायक्रोफॅरड मुळाइतके, फार तर दीडपट. "मोठा घातला की चित्र स्वच्छ" ही समजूत चुकीची. फार मोठा कॅपॅसिटर चालू होताना इतका करंट ओढतो की रेक्टिफायरच जातो.

एक कॅपॅसिटर वेगळा सांगावा लागेल. ट्रान्झिस्टर संचात लाइन आउटपुटच्या कलेक्टरपासून चासीकडे जाणारा, १६०० किंवा २००० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन. त्याचे मायक्रोफॅरड कमी झाले किंवा तो उघडा पडला की ईएचटी एकदम चढतो, ट्रान्झिस्टर उडतो, कधी ट्यूबच्या मानेत ठिणगी पडते. इथे अगदी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टचा हवा. "जवळपासचा" चालत नाही.

रेझिस्टरमध्ये ४७० किलोओहमच्या वरचे जुने कार्बनचे तपासा. एक पाय सोडून मोजा. वीस टक्क्यांहून जास्त चढलेला असेल तर बदला. फ्रेमची उंची कमी पडण्यामागे बऱ्याचदा हेच निघतं.

७. वीज न लावता मोजमाप

व्हॉल्व्हच्या संचात सगळ्यांचे हीटर (आतली तापणारी तार) दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यातून ३०० मिलिअँपिअर वाहतो. पीएल ५०४ ला २७ व्होल्ट, पीवाय ८८ ला ३०, पीसीएल ८०५ ला साधारण १८, पिक्चर ट्यूबला ६.३. उरलेले व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टर किंवा डायोड खातो. एक हीटर तुटला की सगळे काळोखात. नऊ पिनांच्या पीसीएल आणि पीवाय व्हॉल्व्हमध्ये हीटर ४ आणि ५ पिनांवर असतो, ओहमवर एकेक तपासत जा. ज्या संचात ड्रॉपरऐवजी डायोड आहे तिथे तो डायोड शॉर्ट नाही ना हे आधी बघा. तो शॉर्ट असला तर हीटरवर जास्त व्होल्ट जातात, व्हॉल्व्ह बल्बसारखे उजळतात, आणि सोबत ट्यूबचा हीटरही जातो.

ट्रान्झिस्टर संचात बीयू २०५ च्या कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही बाजूंनी शून्य आलं तर तो शॉर्ट. बीयू २०८ आणि बीयू २०८ डी यांची अदलाबदल करू नका. डी मध्ये डॅम्पर डायोड आतच असतो. त्याच्या जागी साधा २०८ टाकला आणि बाहेर डायोड नसला, तर तो सुरू होताच जाईल. बदलताना अभ्रकाचा वॉशर आणि हीटसिंक पेस्ट नवी लावा.

मेन्स कॉर्ड बदला. जुन्या रबरी वायरीचं आवरण वाकवलं की भुगा होतो. फ्यूज मूळ अँपिअरचाच टाका, आणि कुणी त्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर समजा की हा संच आधी एकदा जळालेला आहे.

८. पहिल्यांदा वीज देणं

जोडणीचा क्रम असा: मेन्स, डिमरस्टॅट, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, सिरीज बल्ब, मग संच. ब्राइटनेस मध्यावर, आवाज कमी.

ट्रान्झिस्टर संचाला १०० वॉटचा बल्ब, पोर्टेबलला ६० चा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजळलेला राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा आणि पायरी ७ वर परत जा.

व्हॉल्व्हच्या संचाला २०० वॉटचा. थंड हीटरचा रोध कमी असतो, त्यामुळे बल्ब सुरुवातीला चांगलाच पेटतो आणि मिनिटाभरात अर्ध्यावर येतो. बल्बमधून हा संच पूर्ण चालणार नाही, ईएचटी येणार नाही. एवढंच बघायचं की सगळे हीटर तांबूस झाले, धूर नाही, वास नाही. मग बल्ब काढा आणि डिमरस्टॅटने १५० वरून दहा-दहा मिनिटांच्या टप्प्याने २२० पर्यंत या.

या वेळी नजर पीएल ५०४ वर हवी. त्याच्या आतला करडा पत्रा लाल व्हायला लागला तर दहा सेकंदांत बंद करा. याचा अर्थ त्याच्या ग्रिडला ड्राइव्ह पोहोचत नाही. आधीचा ऑसिलेटर बंद असतो, किंवा मधला कपलिंग कॅपॅसिटर गळत असतो. तसाच चालू ठेवला तर व्हॉल्व्ह आणि ईएचटी दोन्ही जातात. पीएल ५०४ च्या टोपीवर मल्टिमीटर लावू नका, तिथे काही हजार व्होल्टचे झटके असतात. ईएचटी मोजायचाच असेल तर ईएचटी प्रोब.

सगळं बरोबर असेल तर कानात बारीक शीळ येईल, १५,६२५ हर्ट्झची. लाइन विभाग चालू झाल्याची ती खूण. पन्नाशीनंतर ती बहुतेकांना ऐकू येत नाही, घरातल्या पोराला बोलवा.

कायम वापरात २२० ठेवणंच बरं. रात्री भार उतरला की व्होल्टेज २४० च्या पुढे जातं आणि जुन्या भागांना तेवढं सोसत नाही. घरात जुना टीव्हीचा स्टॅबिलायझर असेल तर तो आधी मल्टिमीटरवर तपासून मगच लावा.

९. पडद्यावर काय दिसतं त्यावरून

एकच आडवी पांढरी रेघ: फ्रेम विभाग बंद. आधी ब्राइटनेस उतरवा, नाहीतर रेघ पडद्यावर कायमची भाजली जाते. पीसीएल ८०५, आउटपुटचा इलेक्ट्रोलायटिक, योकचा कनेक्टर, या क्रमाने बघा.

आवाज आहे, पडदा काळा: ट्यूबचा हीटर पेटतो का? पेटत असेल तर ईएचटी आहे का? काळ्या पडद्याजवळ हाताच्या पाठीवरची लव उभी राहत असेल तर ईएचटी आहे, दोष ट्यूबच्या बेसवरच्या व्होल्टेजमध्ये शोधा.

चित्राच्या कडा सापासारख्या वळतात आणि एक जाड काळा पट्टा हळूहळू वर सरकतो: मुख्य फिल्टर कॅपॅसिटर.

खाली चित्र दुमडतं किंवा वर-खाली काळं राहतं: फ्रेमचे इलेक्ट्रोलायटिक, नाहीतर चढलेले रेझिस्टर.

ब्राइटनेस वाढवला की चित्र फुगतं, धूसर होतं आणि गायब होतं: व्हॉल्व्हच्या संचात डीवाय ८०२.

तिरक्या रेघा: आधी हॉरिझाँटल होल्ड फिरवून बघा. हा दोष कितीदा तरी नुसता कुणीतरी नॉब फिरवून ठेवल्याचा असतो.

चॅनल बदलताना खरखर: टरेट ट्यूनरचे संपर्क काळे पडलेत. नॉब खट-खट फिरवत बोळ्याने कॉन्टॅक्ट क्लीनर लावा, आणि संपर्काच्या पट्ट्या बोटाने वाकवू नका.

चासीवर सिग्नल बघायला ऑसिलोस्कोप लावणार असाल तर संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच असू द्या. स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थला असते. फेजवरच्या चासीला ती टेकली की स्फोटच.

१०. थकलेली ट्यूब

चित्र येतं पण मंद, पांढऱ्या भागाला चांदीसारखी झाक, आणि अर्ध्या तासाने जरा सुधारतं, म्हणजे कॅथोड थकला आहे. जुने मेकॅनिक इथे बूस्टर ट्रान्सफॉर्मर लावत, हीटरला ६.३ च्या जागी ७.५ व्होल्ट वगैरे. त्याने काही महिने चित्र उजळतं आणि मग ट्यूब कायमची जाते. हा उपाय शेवटचा ठेवा. त्याआधी बेसचं सॉकेट साफ करा, हीटरवर खरोखर ६.३ व्होल्ट येतात का ते बघा, आणि संच रोज दोन तास असा आठवडाभर मंद ब्राइटनेसवर चालवा. बरेच दिवस पडून असलेल्या ट्यूबा एवढ्यानेही बऱ्यापैकी सुधारतात.

ट्यूब गेलीच असेल तर ती फोडू नका आणि कबाड्याला फोडायलाही देऊ नका. तिच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्या. ईएचटी, योक, ट्यूनर आणि नॉब काढून ठेवा, दुसऱ्या कुणाच्या संचाला लागतील.

११. सिग्नल कुठून आणायचा

दूरदर्शनचं अँटेनावर येणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण आता बंद झालं आहे. गच्चीवर अँटेना चढवून फक्त मुंग्या दिसतील. डीडी फ्री डिशचा किंवा दुसरा कुठलाही सेट-टॉप बॉक्स घ्या, ज्याला एव्ही आउटपुट आहे, आणि मधे एव्ही ते आरएफ मॉड्युलेटर लावा, जो बॉक्सचं चित्र-आवाज अँटेनाच्या सिग्नलसारखं करून देतो.

मॉड्युलेटर घेताना तीन गोष्टी विचारा. आउटपुट व्हीएचएफ आहे का, कारण जुन्या कृष्णधवल संचाचा ट्यूनर चॅनल २ ते १२ एवढाच असतो आणि बाजारातले बरेच मॉड्युलेटर फक्त यूएचएफ देतात. पाल बी-जी (आपल्याकडची जुनी प्रक्षेपण पद्धत) आहे का. आणि आवाज ५.५ मेगाहर्ट्झवर आहे का. चित्र स्वच्छ पण आवाजाच्या जागी नुसतं फस्स येत असेल तर तो मॉड्युलेटर ४.५ किंवा ६.५ चा आहे, संचात दोष शोधत बसू नका. अमेरिकी पद्धतीच्या मॉड्युलेटरवर 'चॅनल ३' लिहिलेलं असतं ते आपलं ३ नव्हे. आपलं ५५.२५ मेगाहर्ट्झवर, त्यांचं ६१.२५ वर.

मागे चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतील तर ७५ ते ३०० ओहमचा बालून (गोल केबल चपट्या वायरीला जुळवणारा जोड) लागेल. अँटेना सॉकेटच्या मागे दोन बारके कॅपॅसिटर असतात, तेच तुम्हाला फेजपासून वाचवतात. ते वाय वर्गाचे (मेन्सपासून सुरक्षेसाठी बनवलेले) नवे टाका. आणि बॉक्सची एव्ही वायर थेट व्हिडिओ विभागात सोल्डर करण्याची शक्कल फेजवरच्या चासीत कधीही लढवू नका. बॉक्स, डिश आणि डिशचा गच्चीवरचा खांब, सगळ्यात वीज उतरते.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र ४:३ करा. रंगीत सिग्नलमुळे पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी हलताना दिसेल, ती दोष नाही.

१२. कॅबिनेट

हे शेवटी, कारण आधी पॉलिश केलं तर दुरुस्तीत चरे पडतात. सनमायका असेल तर सौम्य साबणाचं पिळून घेतलेलं कापड पुरे. लाकडी व्हिनियरला चपडा लाखेचं पॉलिश द्या: अर्धा लिटर स्पिरिटला ८० ते १०० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून मलमलमधून गाळलेला. सुती बोळ्याने पातळ पाच-सहा हात. पावसाळ्यात हे करू नका, पांढुरका ढग धरतो. मे महिन्यातही नको, स्पिरिट हातातच उडतं आणि पट्टे उमटतात.

सरकत्या शटरच्या पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या असतात, आणि ते कापड कुजतं. शटर खाचेतून सरळ बाहेर ओढा, पट्ट्यांना क्रमांक घाला, पालथ्या मांडून काटकोनात घट्ट दाबा आणि नवं जाड कापड फेव्हिकॉलने लावा. कापडाच्या दोन्ही कडा खाचेच्या आतच थांबू द्या, नाहीतर शटर अडकतं. खाचेत मेणबत्ती घासा, तेल नको.

नॉब निघत नसेल तर तिच्या मागे पातळ कापडाची पट्टी गुंडाळून दोन्ही टोकं सरळ ओढा. पकड लावली की नॉब फुटते.

झाकण लावल्यावर मागे भिंतीपासून किमान चार-पाच इंच जागा सोडा, वर कशिदाकारीचं कापड घालून फटी झाकू नका. महिन्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालवा, म्हणजे कॅपॅसिटर जिवंत राहतात. पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिला आणि लावल्यावर मागून सुं-सुं आवाज व ओझोनसारखा वास आला, तर बंद करा, प्लग काढा, ट्यूब परत रिकामी करा आणि अॅनोड टोपीभोवतीची काच अल्कोहोलने पुसून दिवसभर वाळू द्या.